पॅनलमध्ये पॉवर केबल जोडताना: शेवटच्या एका मीटरचं काम

कारखान्यातले जळालेले पॅनल उघडून पाहिलेत, तर एक गोष्ट वारंवार दिसते. ट्रेवरून आलेली ऐंशी-शंभर मीटर केबल धडधाकट असते. काळं पडलेलं, वितळलेलं असतं ते ग्लँडपासून (केबल पॅनलमध्ये शिरते तिथली तिची पकड) लगपर्यंतचं (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, जो बोल्टने टर्मिनलवर आवळतात) जेमतेम मीटरभर. केबल निवडताना साहेब मंडळी तक्ते काढून बसतात, ओढायला दहा माणसं लागतात, आणि टर्मिनेशन, म्हणजे केबलचं टोक पॅनलमध्ये जोडणं, मात्र संध्याकाळी साडेपाचला, 'उद्या मशीन चालू करायचंय' म्हणून एकट्या नव्या पोरावर सोडलं जातं. हा लेख त्या पोरासाठी आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडमधून आता मुलीही शॉप फ्लोअरवर येताहेत, त्यांच्यासाठीही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली व्हायला हवं. लेख वाचून एकट्याने पॅनल उघडायचा नाही. सुपरवायझर जे करायला सांगतो ते का सांगतो, एवढं कळलं तरी पुष्कळ.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काम समोर ठेवू. मेन पॅनलमधल्या, म्हणजे सगळे ज्याला पीसीसी (पॉवर कंट्रोल सेंटर) म्हणतात त्यातल्या, १०० अँपिअरच्या एमसीसीबीवरून (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) मशीन शॉपच्या पॅनलला ४१५ व्होल्टचा थ्री फेज सप्लाय न्यायचा आहे. लोड ६० अँपिअर, अंतर ८० मीटर. केबल साडेतीन कोअर, ३५ चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम, आर्मर्ड (आत धातूचं संरक्षक कवच असलेली), एक्सएलपीई (एका प्रकारच्या पॉलिथिनचं इन्सुलेशन).

पायरी १: केबल हातात घेऊन वाचा

केबलच्या बाहेरच्या आवरणावर सगळं छापलेलं असतं, पण वाचतं कोण? ए२एक्सएफवाय असं लिहिलं असेल तर ए म्हणजे ॲल्युमिनियम, २एक्स म्हणजे एक्सएलपीई इन्सुलेशन, एफ म्हणजे चपट्या पट्टीचं आर्मर आणि शेवटचा वाय म्हणजे बाहेरचं पीव्हीसी आवरण. एफच्या जागी डब्ल्यू असेल तर आर्मर गोल तारेचं. ११०० व्होल्टपर्यंतच्या एक्सएलपीई केबलसाठी आयएस ७०९८ चा भाग १, आणि त्याच व्होल्टेजच्या जाड पीव्हीसी केबलसाठी आयएस १५५४ चा भाग १. हे आकडे केबलवर नसतील तर स्टोअरमध्ये परत द्या.

'साडेतीन' मधला अर्धा कोअर म्हणजे न्यूट्रल. ३५ च्या केबलमध्ये तो १६ चौरस मिलिमीटरचा असतो. नुसत्या मोटरी असतील तर चालून जातं. पण शॉपमध्ये शेकडो एलईडी दिवे, कॉम्प्युटर, यूपीएस असा सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक लोड असेल, तर त्यातले तिसऱ्या पटीचे हार्मोनिक करंट तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेद न देता साठत जातात. अशा ठिकाणी पूर्ण न्यूट्रल असलेली चार कोअर केबल मागा.

केबल किती करंट सोसेल हे कंपनीच्या तक्त्यात मिळतं. मात्र हवेतल्या केबलचा आपल्याकडचा तक्ता सहसा ४० अंश तापमान धरून केलेला असतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, छताजवळच्या ट्रेमध्ये ५० अंश ही साधी गोष्ट आहे. एक्सएलपीईचा कंडक्टर ९० अंशांपर्यंत चालतो, पीव्हीसीचा ७०. म्हणून ५० अंशांत एक्सएलपीईची क्षमता साधारण ०.८९ पट उरते आणि पीव्हीसीची ०.८२ पट. त्याच ट्रेवर केबली एकमेकींना चिकटून किंवा एकीवर एक टाकल्या तर आणखी घट. आपल्या उदाहरणात ६० अँपिअर असल्याने भरपूर जागा आहे.

व्होल्टेज ड्रॉपही एकदा काढून बघा. ३५ च्या ॲल्युमिनियमचा रोध २० अंशांना किलोमीटरला ०.८६८ ओहम, गरम झाल्यावर सुमारे १.११. ६० अँपिअर, ८० मीटर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरला तर ड्रॉप येतो ८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. हरकत नाही.

पायरी २: सप्लाय बंद आहे हे सिद्ध करा

बंद करणं वेगळं आणि बंद असल्याचं सिद्ध करणं वेगळं. या पायरीवर घाई करणाऱ्या सिनिअरचंही ऐकू नका.

पीसीसीमधला तुमचा फीडर, म्हणजे या केबलला सप्लाय देणारा ब्रेकर, बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला बसबार (पॅनलभर सप्लाय वाटणारी धातूची जाड पट्टी) जिवंत असतो. शेजारच्या कप्प्यात सप्लाय चालू ठेवून मधल्या कप्प्यात केबल घालणं हे नवख्याचं काम नाही, आणि माझ्या मते अनुभवी माणसानेही ते टाळावं. पूर्ण पॅनलचा शटडाऊन मागा. प्रॉडक्शनवाले कुरकुर करतील, करू द्या. रविवार, सुट्टी, शिफ्ट बदलायची वेळ, काहीतरी निघतं.

क्रम असा. वर्क परमिट घ्या. सिंगल लाइन डायग्राम बघून या पॅनलला सप्लाय कुठून कुठून येतो त्याची यादी करा. इनकमर, म्हणजे पॅनलला येणारा मुख्य सप्लाय, तर आहेच, पण डीजी सेट (डिझेल जनरेटर) आहे का? छतावर सोलर आहे का? कंट्रोल सप्लाय दुसऱ्या पॅनलमधून किंवा यूपीएसमधून येतो का? पॅनलचा मेन बंद असूनही कंट्रोलच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असणं अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक स्रोत बंद करा, ड्रॉ-आउट ब्रेकर असेल तर बाहेर ओढा, आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावा. कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात. चार जण काम करत असतील तर चार कुलपं. 'काम चालू आहे' अशी नुसती पाटी लटकवलेली असेल, तर कुणीतरी ती काढून ठेवतो आणि स्विच मारतो.

मग मोजा. मीटर आधी चालू सप्लायवर लावून तो चालतोय याची खात्री करा, मग आपल्या पॅनलवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ सगळ्या जोड्या तपासा, आणि पुन्हा एकदा चालू सप्लायवर मीटर तपासा. मधेच मीटरची बॅटरी किंवा लीड गेली असेल तर ते या शेवटच्या तपासणीत कळतं. मीटर किमान कॅट थ्री (ही मीटरवर छापलेली सुरक्षा श्रेणी) ६०० व्होल्टचा, इनकमरजवळ कॅट फोरचा. खिशातला पेचकसासारखा निऑन टेस्टर घरात होल्डर तपासायला ठीक. त्याच्या भरवशावर बसबारला हात लावायचा नसतो. उजेडात त्याचा दिवा दिसतही नाही.

कपॅसिटर पॅनल किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर थांबावं लागतं. ४१५ व्होल्टच्या व्हीएफडीच्या आत सुमारे ५६० व्होल्ट डीसी साठलेलं असतं आणि सप्लाय बंद केल्यावरही ते लगेच उतरत नाही. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेवढं थांबा आणि नंतरही मोजूनच पुढे जा.

अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा. बूट कोरडे. १००० व्होल्टपर्यंत क्लास झिरोचे रबरी हातमोजे लागतात. घालण्यापूर्वी त्यात हवा भरून, दाबून भोक आहे का बघा. पॅनलसमोरची रबर मॅट आयएस १५६५२ ची हवी. बाजारात मिळणारी कुठलीही काळी मॅट म्हणजे इन्सुलेटिंग मॅट नव्हे.

पायरी ३: ओढणं

यावर फार लिहीत नाही, कारण सहसा हे काम ठेकेदाराची गँग करते. पण तुम्ही तिथे उभे असाल तर चार गोष्टी बघा. ड्रम जॅकवर उभा ठेवून फिरवायचा. आडवा टाकून वेटोळी सोडली की केबलला पीळ बसतो. ओढताना जाळीचा मोजा किंवा योग्य ग्रिप वापरायची, एका कोअरला दोर बांधून नाही. मल्टिकोअर केबलचं वळण तिच्या बाहेरच्या व्यासाच्या बारा पटींपेक्षा लहान त्रिज्येचं नको. म्हणजे २८ मिलिमीटर जाडीच्या केबलला सुमारे ३४ सेंटिमीटर. आणि कापलेलं टोक लगेच कॅप लावून किंवा टेपने बंद करायचं. पावसाळ्यात कोकणात ट्रेंचमध्ये पाणी भरलेलंच असतं. उघडं टोक रात्रभर त्यात पडलं तर पाणी तारांच्या पिळातून आत चढतं आणि मग मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग खाली येतं.

जमिनीखालून जाणारी एलटी (लो टेन्शन, म्हणजे आपल्या ४१५ व्होल्टसारखी) केबल ७५ सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा किंवा टाइल. पॅनलच्या आधी एक मोकळा वेटोळा ठेवता आला तर ठेवा. पुढे कधी लग कापून नवा लावायची वेळ आली की तो कामी येतो.

पायरी ४: ग्लँड

इथून खरं काम सुरू.

ग्लँडचा साइज चौरस मिलिमीटरवरून अंदाजाने मागवायचा नाही. व्हर्नियरने बाहेरच्या आवरणावर आणि आर्मरच्या खाली, असे दोन व्यास मोजा आणि ग्लँडच्या तक्त्याशी जुळवा. आतल्या कोरड्या जागेत सिंगल कॉम्प्रेशन चालतो. धूळ, ओल, उघडी जागा असेल तर डबल कॉम्प्रेशन. किमतीत फरक आहे म्हणून स्टोअरवाले सिंगल देऊन मोकळे होतात. फाउंड्रीत, डाइंगमध्ये, साखर कारखान्यात तो घेऊ नका.

ग्लँड प्लेटला भोक पाडायचं तर प्लेट पॅनलमधून काढून बाहेर पाडा. पॅनलमध्येच होल-सॉ चालवला तर लोखंडाचा चुरा खाली आणि आत उडतो, कॉन्टॅक्टरमध्ये जातो, बसबारच्या सपोर्टवर बसतो आणि महिन्यांनी ओल आली की काम दाखवतो. भोकाची धार कानशीने मारून घ्या. गॅस कटरने पाडलेलं ओबडधोबड भोक आणि त्यातून ग्लँडशिवाय घातलेली केबल बऱ्याच ठिकाणी दिसेल. अशा पॅनलमध्ये घूस, उंदीर, पाल सुखाने राहतात. पाल बसबारवर दोन फेजमध्ये आडवी आली की काय होतं ते जुन्या मेंटेनन्सवाल्यांना विचारा.

मोठ्या करंटसाठी सिंगल कोअर केबली असतील तर एक वेगळा नियम आहे. प्रत्येक फेज लोखंडी प्लेटच्या वेगळ्या भोकातून नेला तर त्या भोकाभोवतीच्या लोखंडात एडी करंट फिरतात आणि प्लेट तापते. तिथे ॲल्युमिनियमची प्लेट लागते. मल्टिकोअर केबलमध्ये तिन्ही फेज एकत्र असल्याने ही अडचण येत नाही.

आता सोलणं. केबल भोकाशी धरा आणि टर्मिनलपर्यंतची लांबी मोजा, सगळ्यात लांबच्या फेजची. त्यात थोडी वळणाची मोकळीक धरा. मग, आणि हे सोलण्याआधी, पीव्हीसी हूड आणि ग्लँडचे बाहेरचे भाग क्रमाने केबलवर चढवा. लग मारून झाल्यावर हूड खाली राहिला हे लक्षात येणं म्हणजे सगळं पुन्हा.

बाहेरचं आवरण खुणेवर गोल कापून काढा. आर्मर ग्लँडच्या कोनवर बसेल इतकं ठेवून पुढचं कापायचं. किती ते ग्लँडवर अवलंबून असतं. हॅक्सॉने आर्मरला अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडा आणि एकेक पट्टी हलवून मोडा. आरपार कापायला गेलात तर पातं खालच्या आवरणात आणि कधी कधी थेट कोअरमध्ये जातं. मोडलेल्या पट्ट्या कोनभोवती सारख्या पसरवा, एकही सुटी राहू देऊ नका, आणि ग्लँड दोन पान्यांनी आवळा. काही जण सोपं जावं म्हणून आर्मर मुळापासून कापून टाकतात. बाहेरून ग्लँड छान दिसतो, पण आर्मर अर्थ होत नाही आणि केबलचं वजन टर्मिनलवर लटकतं.

ग्लँडसोबत अर्थ टॅग लावा आणि तिथून अर्थ बसबारला वायर न्या. रंगवलेल्या प्लेटवर चेक नट आवळला म्हणून अर्थ मिळाला असं होत नाही. रंग हा इन्सुलेटर आहे.

आतलं आवरण ग्लँडच्या वर बोटभर ठेवून पुढचं काढा. सुरी खोलवर चालवू नका. वरवर चीर पाडून आवरण वाकवलं की ते चिरेवर फाटतं. कोअरच्या इन्सुलेशनवर पडलेला एक ओरखडा आज मेगरमध्ये दिसत नाही.

पायरी ५: लग, आणि इथे घाई नको

एक हिशेब करू. घट्ट, स्वच्छ सांध्याचा रोध इतका कमी असतो की तो विसरून चालतं. समजा सांधा ढिला आहे आणि रोध दहा मिलिओहम झाला. ६० अँपिअरचा वर्ग ३६००, गुणिले ०.०१, म्हणजे ३६ वॅट. आपल्या बाकावरची सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे एका बोल्टखाली इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता, चोवीस तास. आणि एमसीसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट ६० चाच आहे. व्होल्टेजही अर्ध्या-पाऊण व्होल्टनेच उतरलंय. फार तर टर्मिनलची उष्णता आत शिरून ब्रेकर विनाकारण ट्रिप होऊ लागतो, आणि मग लोक सेटिंग वाढवून मोकळे होतात.

ॲल्युमिनियमची अडचण अशी की हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. शिवाय ते मऊ आहे, सतत दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे सांधा आपोआप ढिला होऊ शकतो. तांब्याला ते थेट टेकलं आणि ओल आली की ते झिजतं. म्हणून:

इन्सुलेशन लगच्या नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त सोला. तारेला खाच पडता कामा नये. वायर ब्रशने तारा चकचकीत करा आणि लगेच जॉइंटिंग कंपाउंड लावा. चहा पिऊन आल्यावर नाही. ॲल्युमिनियमच्या तारेला ॲल्युमिनियमचा लग. तो तांब्याच्या बसबारवर किंवा टर्मिनलवर बसणार असेल तर बायमेटॅलिक लग. तांब्याच्या केबलला कथिलाचा मुलामा दिलेला तांब्याचा लग. लगवर लिहिलेला साइज आणि केबलचा साइज एकच हवा. ३५ चा लग नाही म्हणून ५० च्या लगमध्ये तारेचे तुकडे कोंबणं, किंवा २५ च्या लगमध्ये बसावं म्हणून बाहेरच्या चार तारा छाटणं, या दोन्ही युक्त्या साइटवर चालतात आणि दोन्ही आग लावतात. कंडक्टर गोल नसून पाचरीच्या आकाराचा असेल तर तो आधी राउंडिंग डायने गोल करून घ्यावा.

क्रिम्पिंग हायड्रॉलिक टूलने, त्या साइजच्या षटकोनी डायने. छिन्नी-हातोड्याने ठोकलेला लग मान्य करू नका, ठेकेदार कितीही ओळखीचा असो. पहिला क्रिम्प लगच्या पंज्याच्या, म्हणजे बोल्टचं भोक असलेल्या चपट्या टोकाच्या, बाजूला आणि मग केबलकडे येत जायचं. डाय पूर्ण मिटेपर्यंत दाबा. दोन्ही बाजूंना कानासारखे पातळ पदर बाहेर आले तर डाय लहान आहे. झाल्यावर लग हातात धरून पिळून, ओढून बघा. तो हलला तर कापून नवा लावा. त्याच लगवर पुन्हा दाबून काही होत नाही.

मग फेजप्रमाणे लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रलला काळी स्लीव्ह. हीट श्रिंक असेल तर उत्तम.

पायरी ६: टर्मिनलवर बसवणं

लगचा पंजा थेट टर्मिनलच्या धातूला टेकला पाहिजे. वॉशर बोल्टच्या डोक्याखाली आणि नटखाली. लग आणि बसबार यांच्या मध्ये कधीच नाही. ऐकायला बाळबोध वाटतं, पण भोक मोठं पडलं म्हणून मध्ये जाड वॉशर घातलेले बसबार मी भरपूर पाहिले आहेत. करंट मग त्या लोखंडी वॉशरमधून जातो. एकाच टर्मिनलवर दोन केबली असतील तर बसबारच्या दोन बाजूंना एकेक लग, पाठीला पाठ.

किती आवळायचं? 'जोर संपेपर्यंत' हे उत्तर चूक आहे. एमसीसीबीच्या अंगावर किंवा कॅटलॉगमध्ये न्यूटन-मीटरमध्ये आकडा असतो, तोच पाळा. बसबारवरच्या ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टसाठी साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. लांब पान्याला पाइप लावून आवळलं की ब्रेकरचं टर्मिनल आतून फिरतं किंवा बोल्ट ताणला जातो. टॉर्क रेंच सगळ्याच छोट्या युनिटमध्ये नसतो, हे मान्य. तो मागून घ्या. एका एमसीसीबीच्या किमतीपुढे तो काहीच नाही. आवळून झालं की नट आणि बोल्टवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

ब्रेकरवर लाइन आणि लोड लिहिलेलं असेल तर तसंच जोडा. फेजमधल्या इन्सुलेटिंग पट्ट्या आणि वरचं झाकण काम झाल्यावर परत बसवा. ते बहुधा पॅनलच्या तळाशी पडलेले सापडतात. कोअर क्लॅम्पने बांधून घ्या. शॉर्ट सर्किट झालं की मोठ्या करंटमुळे कोअर एकमेकांपासून जोरात फेकले जातात, आणि तो झटका टर्मिनलवर येऊ द्यायचा नसतो.

न्यूट्रल न्यूट्रल लिंकवर, अर्थ अर्थ बसबारवर. दोन्ही एकत्र करायची जागा मशीन शॉपचा पॅनल नव्हे.

पॅनलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, एक नाही. थ्री फेज उपकरणांसाठी विनियमांतच तसं आहे, आणि कारण साधं आहे: एक सुटला तर दुसरा राहतो. केबलच्या आर्मरलाच अर्थ समजून गप्प बसू नका. ३५ च्या फेजला त्याच धातूचा किमान १६ चौरस मिलिमीटरचा अर्थ कंडक्टर लागतो. पॅनलच्या दरवाज्यावर मीटर, पुश बटन, दिवे असतील तर दरवाजा बॉडीला लवचिक तांब्याच्या वेणीने जोडा. बिजागरीवर विसंबू नका.

कंट्रोलच्या वायरी पॉवर केबलला बांधून नेऊ नका. विशेषतः व्हीएफडीपासून मोटरकडे जाणारी केबल ही शेजाऱ्यांना त्रास देणारी केबल आहे. तिच्यापासून सिग्नलच्या वायरी फूटभर तरी दूर ठेवा, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) रीडिंग मोटर चालू झाली की नाचतं, ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते.

पायरी ७: मेगर

दोन्ही टोकं सुटी असतानाच, म्हणजे पायरी ६ मध्ये लग टर्मिनलवर आवळण्यापूर्वी, आधी कंटिन्युइटी तपासा: या टोकाचा लाल त्या टोकाचाही लालच आहे ना. मग मेगर. फेज-फेज, फेज-न्यूट्रल, प्रत्येक कोअर आणि आर्मर. विनियमांत ४१५ व्होल्टच्या मांडणीसाठी ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावून किमान १ मेगाओहम सांगितलंय. तो तळ आहे. नवी, कोरडी ऐंशी मीटर केबल शेकड्यांत मेगाओहम दाखवते. ती पाच-दहा दाखवत असेल तर नियमात बसते म्हणून चालू करू नका. टोक ओलं आहे, ग्लँडमध्ये कोअर कापलाय किंवा वाटेत कुठे चेंगरलीय, ते शोधा. दुसऱ्या टोकाला माणूस उभा करा, आणि मेगर झाल्यावर केबल डिस्चार्ज करा, कारण ती चार्ज धरून ठेवते.

केबल पॅनलला जोडलेली असताना मेगर मारायचाच असेल तर व्हीएफडी, सर्ज प्रोटेक्शन, डिजिटल मीटर सोडवून ठेवा. नाहीतर केबल चांगली निघेल आणि ड्राइव्ह मरेल.

पायरी ८: चालू करणं

पॅनलमधून हत्यारं मोजून बाहेर काढा. तळाशी तारेचे तुकडे, पट्ट्या, नट राहतात. व्हॅक्यूमने काढा, फुंकून नाही. रिकाम्या भोकांना ब्लँकिंग प्लग, ट्रेंचकडून येणाऱ्या फटीला सील. दरवाजे बंद. मगच आपापली कुलपं प्रत्येकाने स्वतः काढायची.

मशीन शॉपच्या पॅनलचा मेन बंद ठेवून पीसीसीचा फीडर चालू करा. हँडल मारताना पॅनलच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. पुढच्या पॅनलवर व्होल्टेज मोजा: तिन्ही फेज-फेज ४१५ च्या आसपास आणि एकसारखे, फेज-न्यूट्रल २४० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ अगदी थोडा. न्यूट्रल-अर्थमध्ये मोठा आकडा दिसला किंवा एक फेज २४० ऐवजी भलतंच दाखवत असेल तर लोड टाकू नका. न्यूट्रल सुटलाय की काय ते बघा. सुटलेला न्यूट्रल ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात घालवू शकतो.

फेज सिक्वेन्स मीटर लावा. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं, एवढंच. पण स्क्रू कॉम्प्रेसर काही सेकंद जरी उलटा फिरला तरी तो बिघडतो. सिक्वेन्स उलटा असेल तर पुन्हा शटडाऊन, पुन्हा कुलूप, पुन्हा मोजणी, आणि मगच दोन फेज बदलायचे. 'दोनच मिनिटांचं काम आहे' म्हणून ही साखळी मोडली जाते ती नेमकी याच वेळी.

मग लोड एकेक करून टाका. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे करंट लिहून ठेवा. एमसीसीबीचं ओव्हरलोड सेटिंग लोड आणि केबल दोन्ही बघून ठेवायचं. आपल्या उदाहरणात ८० अँपिअर ठीक आहे.

दोन-तीन तास पूर्ण लोड चालल्यावर थर्मल कॅमेरा फिरवा. चालू पॅनलचा दरवाजा उघडून हे काम प्रशिक्षित माणसाने, पूर्ण पीपीई (अंगावरची सुरक्षा साधनं) घालून करायचं. तुम्ही मागे उभं राहून शिका. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तिन्ही फेजवर सारखा करंट असताना एकच लग बाकी दोघांपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापत असेल तर तो सांधा पुन्हा उघडायचा. तिन्ही सारखे तापले असतील तर सांध्यापेक्षा लोड, केबलचा साइज किंवा पॅनलची हवा बघा.

शॉक बसलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी सप्लाय तोडा. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा इन्सुलेटेड हुकाने त्याला सोडवा. श्वास चालत नसेल तर लगेच सीपीआर सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. माणूस उठून बसला आणि 'काही नाही झालं' म्हणाला तरी दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

कागद

केबलच्या दोन्ही टोकांना टॅग: कुठून कुठे, साइज, तारीख. पॅनलच्या दरवाज्याच्या आतल्या कप्प्यात ड्रॉइंग असतं. बदल त्यावर लाल पेनने करा, मग ऑफिसला कळवा. मेगरची रीडिंग, टॉर्कचा आकडा, पहिल्या दिवसाचे करंट आणि तापमान एका पानावर लिहून तिथेच ठेवा. आणि कॅलेंडरवर पहिल्या नियोजित शटडाऊनची नोंद करा: त्या दिवशी कुलूप लावून या फीडरच्या मार्करच्या रेघा बघायच्या, ज्या सरकल्या असतील तो सांधा उघडून, साफ करून, पुन्हा टॉर्कने बसवायचा.